गोचीड भिंतीत राहते

मी सांगितलं, कुत्रा जायचा नाही. कोणाला जायचंच असेल तर मी जाईन, आणि माझा तसा काही विचार नाही.

हे मी माझ्या मुलाला सांगितलं, ओसरीवर, तो हातपाय धुऊन पानावर बसायच्या आत. मुलगा मुरगावच्या बंदरात कामाला आहे. शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या बसने जातो. एरवी येताना मासळी घेऊन येतो, त्या शनिवारी निर्णय घेऊन आला होता.

झालं होतं ते असं. सुनेने घरामागे दोन खोल्या काढून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर गर्दी झाली की शांतता शोधणारे लोक आत आमच्या बाजूला सरकतात. त्यांना सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, गरम उंडा लागतो, घरच्या दुधाचा चहा लागतो आणि 'खरं गाव' बघायचं असतं. त्या आठवड्यात एका पाहुणीला खरं गाव सापडलं. तिच्या गुडघ्यामागे गोचीड निघाली. ती बाई इतकी ओरडली की माझ्या हातातली चहाची कोप पडली. त्याच संध्याकाळी ती बॅग भरून गेली.

"बंदराजवळ एका गोदामाला राखणीचा कुत्रा हवाय," मुलगा म्हणाला. "दिवाळी झाली, की महिन्याभरात मित्र गाडी घेऊन येईल. तिथे त्याची चांगली सोय होईल, आये."

"सिमेंटच्या अंगणात साखळीला बांधतात, तीच ना सोय? तुझी करू तशी?"

"तू सगळं हसण्यावारी नेतेस. गोचिडीने ताप येतो. रानातल्या गोचिडीने तर माणसं दगावतात."

हे मात्र तो खरं बोलत होता. म्हणूनच मी त्याला आमटी वाढली. समोरच्याचं खरं असलं की मी वाढायला घेते.

या लिखाणात मी कोणाचंच नाव घेणार नाही, कारण सून वाचते. कुत्र्याचंही नाही, कारण ते नाव पूर्वी गावच्या एका बड्या माणसाचं होतं आणि त्याची मुलं अजून आमच्याशी बोलतात. कुत्रा तांबूस आहे, एक कान रानडुकराने फाडलेला. रोज संध्याकाळी दोन म्हशी आणि एक गाय डोंगरावरून खाली आणणं हे त्याचं काम. भात पोटरीला आलं की डुकरांना हाकलणं हेही त्याचंच. माझे गुडघे आता डोंगर चढत नाहीत, त्याचे चढतात. तो गेला म्हणजे म्हशी विकाव्या लागणार, आणि म्हशी गेल्या म्हणजे मी ओसरीवरची शोभेची आजी होणार. पाहुण्यांनी फोटो काढायचा आणि मी हसायचं. त्यापेक्षा गोचिडी परवडल्या.

"तोवर थांब," मी म्हटलं. "गाडी येईल त्या दिवशी या आवारात गोचीड दिसली, तर कुत्र्याला मी स्वतः गाडीत चढवीन."

"म्हणजे तेवढ्यात तू गोचिडी संपवणार?"

"पन्नास वर्षं काढतेय गोचिडी. मला शिकवतोस?"

हे बोलताना माझा आवाज खणखणीत होता. खणखणीत आवाज मला जन्मतःच मिळाला आहे, अक्कल मागाहून थोडी थोडी येत गेली. पन्नास वर्षांपूर्वी मी गोचिडींचं काय केलं होतं ते मुलाला ठाऊक नव्हतं. सुनेला ठाऊक आहे, कारण एकदा पाय चेपून घेताना मीच तिला सांगून बसले.

माझं माहेर डिचोलीच्या बाजारपेठेत. दूध तांब्यातून येतं, एवढंच मला दुधाबद्दल माहीत होतं. मॅट्रिक झालेली, दोन वेण्या घालणारी आणि स्वतःला फार हुशार समजणारी ती मुलगी लग्न होऊन या घरात आली, तेव्हा गोठ्यात सहा गुरं होती. सासूबाई रोज दुपारी करवंटीत थोडं रॉकेल घेऊन गोठ्यात बसायच्या. गुरांच्या कानामागच्या, कासेजवळच्या, शेपटीखालच्या गोचिडी ओढून करवंटीत टाकायच्या. टप, टप. मला तो आवाज ऐकूनच जेवण जात नसे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी करवंटी माझ्या हातात दिली.

मी दोन दिवस नाकाला पदर लावून ते काम केलं. करवंटीत टाकायलाही किळस यायची म्हणून बऱ्याचशा गोचिडी नुसत्या काढून भिंतीकडे भिरकावल्या. आमच्या गोठ्याची भिंत चिऱ्याची, सांदी उघड्या. त्या टम्म फुगलेल्या बायांना मी माझ्या हाताने बाळंतपणाला पोचवत होते, हे मला कळायला पन्नास वर्षं लागली. पण तो पुढचा भाग.

तिसऱ्या दिवशी माझ्या मॅट्रिकच्या डोक्यात कल्पना आली. त्याच सुमारास सुतार येऊन गोठ्याच्या वाशांना काजूच्या टरफलाचं तेल फासून गेला होता. काळं, दाट, उग्र. ते लावलं की लाकडाला वाळवी लागत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. मी विचार केला, जे वाळवीला पुरून उरतं त्याच्यापुढे गोचीड म्हणजे काय? डब्यात थोडं उरलं होतं. सासूबाई दुपारच्या आडव्या झाल्या होत्या. मी उघड्या हाताने ते तेल तांबड्या वासराच्या मानेला, पोटाला, मांड्यांमध्ये छान चोळलं. वर स्वतःवर इतकी खूश झाले, की माहेरी पत्र लिहून हा शोध कळवायचा असंही ठरवलं.

पत्र लिहायला हात उरले नाहीत. संध्याकाळपर्यंत वासराच्या मानेला फोड आले, आणि माझ्या दोन्ही तळव्यांनाही. काजूचं ते तेल कातडी जाळतं. बी भाजणाऱ्या बायका हाताला राख लावतात ते का, याचा मी कधी विचारच केला नव्हता. वासरू हंबरत होतं आणि मी त्याच्या शेजारी बसून त्याच्याहून मोठ्याने रडत होते. सासूबाई आल्या, त्यांनी वास घेतला, डबा बघितला. आधी वासराला धुऊन खोबरेल लावलं, मग मला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "छपराक लावतत ता वासराक लावलंस? फाल्यां घोवाक लाव. त्येका पण वाळवी लागाची नाय."

माझा नवरा ते ऐकून महिनाभर माझ्यापासून हातभर लांब बसायचा.

वासराची मानेवरची कातडी गेली, नवी आली, पण केस पांढरे आले. ते मोठं होऊन गाय झालं तरी तिच्या गळ्यात तो पांढरा पट्टा होता आणि गावात तिला माझ्या नावाने ओळखत. असा माझा अनुभव. त्या जोरावर मी मुलाला शब्द दिला होता.

सुरुवात मी धुण्यापासून केली. एक दिवसाआड कुत्र्याला बाल्दीभर गरम पाणी आणि साबण. त्यानंतर चिमटा घेऊन तासभर शोध. कानात, बोटांच्या मधे, फाटक्या कानाच्या घडीत. त्याची गोणपाटं उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात टाकली. त्याबरोबर पिसवा कमी झाल्या, एवढं यश आलं. गोचिडी मात्र आज वीस काढल्या तर परवा पुन्हा वीस. कुत्रा मला चुकवायला लागला. माझ्या हातात चिमटा दिसला की म्हशी आणायच्या निमित्ताने दुपारी बारालाच डोंगरावर पळायचा.

"आई, कुत्रा तुमच्यामुळेच घर सोडून जाईल," सून म्हणाली. "गाडीची गरज पडायची नाही."

"तू आपल्या चादरी बघ."

"चादरीच बघतेय हो. रोज झटकून बघतेय."

ही माझी सून. तिचं तोंड माझ्यासारखंच आहे, म्हणून आमचं जमतं आणि म्हणूनच जमत नाही.

त्या आठवड्यात गाय चारा सोडून बसली, म्हणून सुनेने फोन करून गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी, स्कूटरवरून येते, पायात गमबूट. तिने गाईला तपासलं, डोळ्याची पापणी उलटून बघितली आणि म्हणाली, "रक्त कमी झालंय. गोचिडी पितायत." गाईला इंजेक्शन दिलं. मी लगेच माझा धुण्याचा आणि चिमट्याचा पाढा वाचला. तिने शांतपणे ऐकलं. मग माझ्या अंबाड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, तो आकडा द्या जरा."

तो आकडा तिने गोठ्याच्या भिंतीत, दोन चिऱ्यांच्या सांदीत घातला आणि खरवडला. माती पडली. मातीबरोबर गोचिडी पडल्या. लहान, मोठ्या, सुकलेल्या, चालणाऱ्या. खाली खसखशीसारखी बारीक अंडी. तिने दुसरी सांद खरवडली. तिथेही तेच.

"तुम्ही कुत्र्याशी भांडताय," ती म्हणाली. "भांडण भिंतीशी आहे. अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीच्या इथे. रक्त पिऊन फुगली की ती अंगावरून गळून पडते, सांदीत शिरते, हजारांनी अंडी घालते. पिल्लं महिनोन्महिने उपाशी बसून वाट बघतात. गुरांची गोचीड वेगळी, कुत्र्याची वेगळी, पण बिऱ्हाड दोघींचं इथेच."

मी भिंतीकडे बघत राहिले. करवंटी चुकवून मी तिकडे भिरकावलेल्या त्या पहिल्या गोचिडी मला आठवल्या. त्यांच्या पणत्या-खापरपणत्या आता माझ्या पायावर चढायला निघाल्या होत्या. तो आकडा मी पुन्हा डोक्यात खोवला नाही.

डॉक्टरने सांगितलं ते सोपं होतं आणि म्हणूनच कठीण होतं. गुरं, कुत्रा आणि गोठा, तिघांनाही एकाच दिवशी औषध. भिंतीच्या सांदी बुजवायच्या. तीन आठवड्यांनी सगळं पुन्हा, कारण अंड्यांना औषध लागू पडत नाही, ती मागाहून फुटतात. आणि शेजारच्यांची गुरं त्याच डोंगरावर चरत असतील तर त्यांचंही त्याच दिवशी. नाहीतर आपण धुवायचं आणि त्यांनी परत आणून द्यायचं.

"आमच्या वाडीची सगळी गुरं एका दिवशी?" मी म्हटलं. "देव आला तरी जमायचं नाही."

बोलले आणि थांबले. वर्षातून एक दिवस ते आपोआप जमतं. गोरवांचा पाडवा. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गुरांचा सण असतो. त्या सकाळी कोणी गुरं डोंगरावर सोडत नाही. सगळी दारात बांधलेली असतात, घासून धुतात, शिंगं रंगवतात, झेंडूच्या माळा घालतात. धुवायचंच आहे, तर औषधाने का नको?

वाडीत गुरं असलेली आमचं धरून सात घरं. मी काठी घेऊन बाकीची सहाही फिरले. बायका पटकन हो म्हणाल्या, त्यांच्याही पोरांच्या अंगावर चढत होत्या. अडला तो शेजारचा म्हातारा, माझ्या दिराच्या वयाचा, वाडीत सगळ्यात जास्त म्हशी त्याच्या.

"वयनी, सणाच्या दिवशी गोरवांक औषधाचा इख लावूचा? पाप लागतला."

"आणि गोरवांचं रक्त पितात त्यांना काय करायचं भाऊ? पाटावर बसवून गूळ घालून फोव वाढायचे?"

"माझ्या म्हशींक गोचिडी नाय."

मी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या म्हशीच्या शेपटीखाली हात घातला, एक टपोरी गोचीड उपटली आणि त्याच्या ओसरीच्या कट्ट्यावर ठेवली. "ही पाव्हणी असेल मग," म्हटलं आणि निघून आले.

पाडव्यापर्यंतचे दहा दिवस भिंतीत गेले. सांदी खरवडून जुनी माती जाळली. बेळगावकडचा एक गवंडी सुनेच्या खोल्यांचं काम करत होता, त्याला सांगून गोठ्याला आतून छातीपर्यंत गिलावा करून घेतला. मुलगा शनिवारी येऊन बघतो तर काय, खोलीआधी गोठा गुळगुळीत.

"आता पंखा पण लाव गुरांना," तो म्हणाला.

"बघू. तुझा काढून लावते."

पाडव्याच्या सकाळी सून औषधाची बाटली आणि माप घेऊन अंगणात बसली. गुरांना आधी पोटभर पाणी पाजलं, म्हणजे तहानेने अंग चाटणार नाहीत. सगळ्यांच्या हातात रबरी मोजे. मांजरीला खोलीत कोंडलं, कारण गुरांचं औषध मांजराला मारतं, असं डॉक्टरने बजावलं होतं. सून बाटलीवरचं वाचून बाल्दीत मोजून टाकत होती. ते एवढंसं पाहून मला राहवेना.

"अगं, जरा सढळ हाताने टाक. एवढ्याने मुंगी मरायची नाही."

ती मापावरची नजर न काढता म्हणाली, "आई, वासराची मान आठवते ना?"

अंगणातल्या बायकांनी "काय गो, खंयचा वासरू?" म्हणून विचारायला सुरुवात केली. मी फडकं घेतलं आणि म्हशीकडे वळले. सत्तरी झाली तरी ती दोन वेण्यांची मुलगी माझ्यात अजून जिवंत आहे, तिच्या हातात बाटली द्यायची नसते.

कुत्र्याची गोळी होती. तळलेल्या बांगड्याच्या डोक्यात खुपसून दिली. त्याने डोकं चावून खाल्लं आणि गोळी स्वच्छ चाटून माझ्या पायाशी ठेवली. मग उंड्याच्या मऊ पोटात घातली, त्याने पुन्हा तेच केलं. शेवटी सुनेने त्याचा जबडा उघडला, मी गोळी जिभेच्या मुळाशी टाकली आणि दोघींनी मिळून त्याचं तोंड मिटून गळा चोळला. आम्ही दोघींनी मिळून केलेलं ते पहिलं काम, ज्यात भांडण झालं नाही.

सहा घरांची गुरं झाली. दुपारी म्हातारा आपल्या म्हशी घेऊन आमच्या दारात उभा.

"म्हशीच इल्यो," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "मी नाय आणल्यो."

खरी परीक्षा तीन आठवड्यांनी होती. तेव्हा सण नव्हता, माळा नव्हत्या. आणि माणसांना अंगावर गोचीड दिसेनाशी झाली होती, त्यामुळे कोणालाच घाई नव्हती. "आता कित्याक? गेल्यो मगे," असं सगळीकडे. मला दोन दिवस झोप लागली नाही. गाडी यायला आठवडा उरला होता. मग मी सरळ सांगितलं, "ज्याच्या घरी दुसऱ्यांदा औषध लावलं जाणार नाही, त्याच्या अंगणात माझ्या दोन्ही म्हशी नेऊन बांधीन, आणि त्यांच्याबरोबर मी पण बसेन." म्हशींना कोणी घाबरलं नाही. मी बसेन या भीतीने पाच घरं आली. सहावं घर मागाहून रडतखडत आलं.

गाडी आली ती शनिवारी, दुपार कलताना. मुलाचा मित्र उतरला, हातात साखळी. कुत्रा डोंगरावर म्हशींमागे होता. मुलगा म्हणाला, "आये, बोलल्याप्रमाणे."

"बोलल्याप्रमाणे. बघ ना."

कसं बघायचं ते डॉक्टरने सांगून ठेवलं होतं. पांढरी चादर जमिनीवरून हळूहळू ओढायची, गोचीड असली की चिकटते. सुनेने पाहुण्यांची एक धुतलेली चादर आणली. मुलगा एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. गोठा, कुत्र्याची निजायची जागा, खोल्यांपुढचं अंगण, गवताची कड. मी ओसरीवर बसून बघत होते. दोघांनी चादर उन्हात धरली. मुलगा चष्मा लावून इंच इंच बघत होता. एक गवताची काडी, दोन मुंग्या, एक कोंबडीचं पीस.

"नाहीत," तो म्हणाला. नंतर घाईघाईने, "आज नाहीत. पण पुढच्या पावसात?"

"पुढच्या पावसात पुन्हा औषध," सून म्हणाली. "तारखा मी लिहून ठेवल्यायत." मग ती त्या मित्राकडे वळली. "दादा, चहा घ्या आणि गाडी रिकामी न्या. पाहुण्यांच्या खोल्या माझ्या आहेत, त्यामुळे कुत्र्याचंही मीच ठरवते. फक्त त्याने खोल्यांच्या पायरीवर चढायचं नाही."

अट मी लगेच मान्य केली. कुत्र्याला कोणी विचारलं नाही.

मित्र चहा पिऊन गेला. थोड्या वेळाने डोंगरावरून घंटा ऐकू आल्या. आधी गाय, मग म्हशी, मागून हा फाटक्या कानाचा, जीभ बाहेर. मुलगा आणि सून चादर घेऊन आत गेले होते. मी त्याला जवळ ओढलं आणि सवयीने कान उलटून बघितला. डाव्या कानाच्या घडीत एक होती. डोंगरावरून आत्ताच आणलेली, रिकाम्या पोटाची. मी ती चिमट्याने काढली, करवंटीत टाकली, करवंटीवर पाटा ठेवला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

आज सांगते. आता ओरडायचं तर ओरडा.